बोल्टावरचा आकडा



आज आम्ही तुमच्यापुढे एका लहान वस्तूविषयी बोलणार आहोत. ही वस्तू मुठीत मावते. तिची किंमतही फार नाही. पण विहिरीतून मोटर वर काढताना, इंजिन गाडीत चढवताना, गिरणीचा जड भाग उचलताना सगळा भार तिच्यावर असतो. जवळ उभ्या असलेल्या माणसाचा जीवही तिच्यावरच असतो.

ती वस्तू आम्ही बरोबर आणली आहे. ही पाहा. खाली बोल्टासारखे आटे आहेत. वर गोल कडी आहे. मिस्त्री लोक हिला आय बोल्ट म्हणतात. आपल्याकडे आय म्हणजे आई. पण हा बोल्ट आईचा नव्हे, बरं का! इंग्रजीत आय म्हणजे डोळा. वरचे भोक डोळ्यासारखे दिसते, म्हणून हे नाव पडले. आपण त्याला कडीचा बोल्ट म्हणू.

तुम्ही म्हणाल, गुरुजींनी जन्मभर पाढे शिकवले, शुद्धलेखन शिकवले. त्यांना या बोल्टाचे काय पडले आहे? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर म्हणून एक जुनी हकीकत सांगतो. ती सांगताना आम्हांला आजही लाज वाटते. पण सांगितली पाहिजे.

१९८८ सालचा उन्हाळा होता. आम्ही एका खेड्यात शिक्षक होतो. शाळेला लागून एका शेतकऱ्याचा मळा होता. मळ्यात विहीर होती. विहिरीच्या आत, पाण्याच्या वर, दगडी कट्टा बांधला होता. त्या कट्ट्यावर मोटर आणि पंप बसवला होता. मोटर जुन्या बाजारातून घेतलेली, फार जुन्या बनावटीची होती.

एक दिवस मोटर जळाली. रानात वांगी आणि मिरची उभी होती. ऊन असे की चार दिवस पाणी चुकले तर पीक हातचे जावे. मोटर वर काढून तालुक्याला न्यायची ठरली. दहा-बारा माणसे जमली. शाळेला सुट्टी होती. आम्हीही गेलो.

मोटर पंपापासून सोडवायला हवी होती. पण नटबोल्ट गंजले होते. ते सोडवायला अर्धा दिवस गेला असता. कोणीतरी म्हणाले, "पंपासकटच वर घेऊ. वर आल्यावर निवांत सोडवू." सगळ्यांना ते पटले. विहिरीच्या काठावर तीन वाशांची तिवई उभी केली. गिरणीवाल्याकडून साखळीची कप्पी आणली. मिस्त्री लोक तिला चेनब्लॉक म्हणतात. ती तिवईला टांगली.

मोटरच्या पाठीवर कडीचा बोल्ट असतो. या मोटरचा बोल्ट केव्हाच हरवला होता. नुसते भोक उरले होते. शेतकऱ्याने घरच्या डब्यातून एक बोल्ट शोधून आणला. तो भोकात फिरवला. दोन-तीन आटे बसला आणि अडला. पान्याने आवळून पाहिला. पुढे जाईना. कडीच्या खाली जो रुंद खांदा असतो, तो मोटरच्या अंगाला टेकलाच नाही. मध्ये बोटभर फट राहिली.

शेतकऱ्याने विहिरीतून वर, आमच्याकडे पाहिले. "गुरुजी, चालंल का?"

त्यांना अक्षरओळख नव्हती. जमलेल्या माणसांत शिकलेले असे आम्हीच. बोल्ट बसवण्यापूर्वी तो आमच्या हातात दिला होता. त्याच्या कडीवर काही अक्षरे ठोकलेली होती. आम्ही ती पाहिली होती. वाचली मात्र नव्हती.

आम्ही म्हणालो, "चालेल की. काय होतंय? ओढा."

तिवई काठावर होती आणि मोटर आत, कट्ट्यावर होती. त्यामुळे साखळी तिरपी आली. साखळी ताणली. मोटर पंपासकट हातभर उचलली गेली आणि डुलू लागली. शेतकरी तिला दोन्ही हातांनी सावरू लागले. इतक्यात कट्ट असा आवाज झाला. बोल्ट भोकातून निसटला. सगळे लोखंड कट्ट्यावर आले. शेतकऱ्यांचा डावा पाय खाली सापडला.

जीव वाचला. पायही राहिला, पण वाकडा राहिला. नांगरामागे त्यांना पुन्हा कधी चालता आले नाही.

आठ दिवसांनी आम्ही त्यांना दवाखान्यात भेटायला गेलो. त्यांनी आम्हांला बसायला सांगितले. पिकाची चौकशी केली. मग म्हणाले, "गुरुजी, त्या बोल्टावर काय लिवलं व्हतं?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. गुरुजींना ठाऊक असेल, म्हणून विचारले. आम्हांला उत्तर देता आले नाही. खाली मान घालून आम्ही उठलो. गावी आल्यावर थेट विहिरीवर गेलो. कट्ट्याच्या कोपऱ्यात तो बोल्ट पडला होता. धोतराच्या सोग्याने पुसला आणि वाचला.

त्यावर इंग्रजी एम हे अक्षर होते आणि पुढे १२ हा आकडा होता.

एवढेच. एक अक्षर आणि एक आकडा. पण त्याचा अर्थ कळायला आम्हांला तालुक्याच्या लेथवाल्याकडे जावे लागले. त्याने जे समजावले, आणि पुढच्या वर्षांत जे आम्ही विचारून, वाचून शिकलो, ते आज तुम्हांला सांगतो. त्या दिवशी आमच्या हातून चार चुका झाल्या. एकेक चूक घेऊ.

पहिली चूक मापाची. एम हे अक्षर ओळखायला सोपे आहे. दोन डोंगर शेजारी काढावेत, तसे ते दिसते. बोल्टावर हे अक्षर असले म्हणजे माप मिलिमीटरचे समजावे. एम १२ म्हणजे आट्यांपाशी १२ मिलिमीटर जाडीचा बोल्ट. आपल्या देशात पूर्वी इंच, फूट, शेर, मण अशी मापे चालत. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला. त्यानंतर हळूहळू मीटर आणि किलोग्रॅम आले. पण जुनी यंत्रे इंचाची होती, ती तशीच राहिली. आमच्या त्या मोटरचे भोक अर्ध्या इंचाचे होते.

अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. १२ आणि १२.७ यांत डोळ्याला फरक दिसत नाही. पण आट्यांना तो कळतो. अर्ध्या इंचाच्या जुन्या इंग्रजी बोल्टाला एका इंचात १२ आटे असतात. एम १२ च्या बोल्टाला एका इंचात साडेचौदाच्या आसपास आटे येतात. म्हणजे एकाचे आटे विरळ, दुसऱ्याचे दाट. दाट दातांची फणी विरळ दातांच्या फणीत कशी बसेल? दोन-तीन आटे कसेबसे शिरतात आणि अडतात. बोल्ट आवळला असे वाटते, पण खरे तर तो अडकलेला असतो. आमचे सगळे लोखंड त्या दोन-तीन आट्यांवर लटकले होते.

म्हणून नियम असा. बोल्ट हाताने फिरवावा. माप बरोबर असेल, आटे स्वच्छ असतील, तर तो हातानेच खांद्यापर्यंत जातो. मध्येच अडला तर पाना लावून जोर करू नये. काढावा आणि पाहावा. आट्यांत माती आहे का? गंज आहे का? माप निराळे आहे का? शंका असली तर तालुक्याला न्यावा. एक खेप पडेल, पण पाय वाचेल.

बोल्ट आत किती गेला पाहिजे, हेही लक्षात ठेवा. पोलादात बोल्टाच्या जाडीइतके आटे तरी आत पाहिजेत. बीड म्हणजे ओतीव लोखंड, ते ठिसूळ. त्यात दीडपट पाहिजेत. ॲल्युमिनियम मऊ, त्यात दुप्पट. म्हणजे १२ मिलिमीटरचा बोल्ट बिडात १८ मिलिमीटर तरी आत गेला पाहिजे. आरपार भोक असेल तर खालून वायसर घालून नट पूर्ण बसवावा. बोल्टाचे टोक नटाच्या बाहेर आलेले दिसले पाहिजे.

दुसरी चूक भाराची. मोटरच्या पाठीवरचा कडीचा बोल्ट हा फक्त मोटर उचलण्यासाठी असतो. मोटर बनवणारा कारखाना मोटरचे वजन पाहून तो बसवतो. आपण त्याच कडीने मोटर, पंप, खालची लोखंडी बैठक आणि वर पाण्याने भरलेला पाइप, असे सगळे उचलायला जातो. एका बैलाच्या मानेवर दोन बैलांचे जू ठेवल्यासारखे ते होते. पंप वेगळा सोडवावा. पाइप रिकामा करावा. अर्धा दिवस जाईल. जाऊ द्यावा.

बोल्ट किती भार सोसतो, हे मोजून ठरवलेले असते. खांद्याच्या, घडीव पोलादाच्या बोल्टांसाठी जर्मन लोकांनी आकडे ठरवले आहेत. सरळ वर उचलायचे असेल तर ते असे आहेत. एम १० च्या बोल्टाने २३० किलो. एम १२ ने ३४० किलो. एम १६ ने ७०० किलो. एम २० ने १२०० किलो. आपल्या देशातही खांद्याच्या बोल्टांसाठी भारतीय मानक आहे. त्याचा क्रमांक ४१९० आहे. चांगल्या बोल्टावर माप आणि कारखान्याची खूण ठोकलेली असते. पुष्कळदा भाराचा आकडाही असतो. नसेल तर तो त्याच्या कागदावर असतो. तुमच्या बोल्टावर किंवा कागदावर जो आकडा असेल, तोच धरावा. कारखान्या-कारखान्याचे आकडे वेगळे असू शकतात.

काही शहाणे म्हणतात, "लिहिलंय ७००, पण बोल्ट तुटत नाय हजारालाही. आम्ही करून बघितलंय." त्यांचे म्हणणे खोटे नाही. तुटण्याचा भार लिहिलेल्या भाराच्या कित्येक पट असतो. पण ही जास्तीची ताकद कशासाठी ठेवलेली असते? झटका बसतो, त्यासाठी. गंज चढतो, त्यासाठी. डोळ्याला न दिसणारी चीर असते, त्यासाठी. आपण कणगीत बियाणे राखून ठेवतो. ते रोजच्या भाकरीसाठी नसते. तसेच हे आहे.

झटक्याविषयी जरा सांगतो. भरली घागर कोणी तुमच्या हातात अलगद दिली तर तुम्ही ती धराल. तीच घागर माडीवरून टाकली तर? वजन तेच आहे, पण हात मोडेल. साखळी सैल ठेवून एकदम ओढली की बोल्टाला असाच हिसका बसतो. म्हणून आधी साखळी सावकाश ताणावी. मग भार हळू उचलावा.

तिसरी चूक ओढीची. ही सगळ्यांत मोठी आणि नेहमी होणारी चूक आहे. आमच्या विहिरीवर साखळी तिरपी होती. कडीच्या बोल्टाची ताकद सरळ ओढीत असते. तिरप्या ओढीत ती पुष्कळ कमी होते.

हे तुम्हांला नवीन नाही. गोठ्यातला खुंटा उपटायचा असेल तर तुम्ही काय करता? सरळ वर ओढता का? नाही. आधी इकडे-तिकडे हलवता. खिळखिळा झाला की मग तो निघतो. बैलसुद्धा खुंटा आडवा ओढूनच काढतो. बोल्टाचेही तसेच आहे. तिरपी ओढ त्याला मुळाशी वाकवते. आणि खांदा टेकलेला नसेल तर मग विचारूच नका. ती बोटभर फट म्हणजे बोल्टाचा उघडा गळा. तिथेच तो वाकतो, तिथेच तुटतो किंवा तिथूनच निसटतो.

बाजारात दोन तऱ्हेचे कडीबोल्ट मिळतात. एकाला खांदा असतो, दुसऱ्याला नसतो. बिनखांद्याचा बोल्ट फक्त सरळ ओढीसाठी. तो तिरपा कधीही ओढू नये. खांद्याच्या बोल्टाला थोडी तिरपी ओढ चालते, पण त्याचा भार कमी धरावा लागतो. ४५ अंशांपर्यंत, म्हणजे काटकोनाच्या निम्म्यापर्यंत तिरपी ओढ असेल, तर त्या जर्मन आकड्यांत एम १२ चे ३४० किलो होते ते २४० होतात. एम १६ चे ७०० होते ते ५०० होतात. काही कारखाने तर तिरप्या ओढीला याहूनही कमी भार सांगतात. त्यापेक्षा जास्त तिरपे ओढूच नये. आम्ही म्हणतो, निवड तुमच्या हातात असेल तर खांद्याचाच बोल्ट घ्यावा आणि सरळच ओढावा.

कडीची तोंडाची बाजूही पाहावी. कडी म्हणजे जणू चपटी बांगडी. बांगडी ज्या पातळीत आहे, त्या पातळीत दोर तिरपा गेला तर ती काही भार सोसते. पण बांगडीच्या चपट्या अंगावर आडवी ओढ आली तर ती कलंडते. खांदा टेकला, पण कडीचे तोंड भलतीकडे राहिले, असे झाले तर बोल्ट मागे फिरवून सैल ठेवू नये. खांद्याखाली पातळ वायसर घालावा. मग आवळावा. म्हणजे कडी हवी त्या बाजूला येते आणि खांदाही टेकतो.

ओढ सरळ आहे की नाही, हे कसे ओळखावे? गवंडी भिंत कशी तपासतो? ओळंब्याने. तुम्हीही ओळंबा लावा. कप्पीच्या आकड्याला दोरी बांधून खाली दगड सोडा. दगड मोटरच्या कडीवर आला तर ओढ सरळ. लांब राहिला तर कप्पी सरकवा. तिवई काठावर आणि मोटर आत असेल तर विहिरीवर आडवी मजबूत तुळई टाकावी. ती दोन्ही काठांवर नीट बसवावी. कप्पी मोटरच्या बरोबर डोक्यावर आणावी. आम्ही त्या दिवशी एवढे केले असते तर!

लांबट किंवा रुंद वस्तू एका कडीने उचलत नाहीत. तिला दोन बोल्ट लागतात. तिथे आणखी एक गंमत आहे. दोन बाया मिळून एक जड पाटी उचलून नेतात. जवळजवळ चालल्या तर हात सरळ राहतात, ओझे हलके वाटते. लांब लांब चालल्या तर हात फाकतात आणि खांदे भरून येतात. पाटी तीच असते. दोरांचेही तसेच होते. समजा भार १०० किलोचा आहे. दोन्ही दोर सरळ उभे असतील तर प्रत्येकावर ५० किलोची ओढ येते. दोर सरळ उभ्या रेषेपासून ४५ अंश फाकले तर प्रत्येकावर ७१ किलो येते. ६० अंश फाकले तर प्रत्येकावर पूर्ण १०० किलो येते. म्हणून दोर लांब घ्यावेत. लांब दोर कमी फाकतात. आखूड दोर जास्त फाकतात.

दोन बोल्टांना दोन वेगळे दोर बांधावेत. एकच दोर दोन्ही कड्यांतून ओवून वर घेऊ नये. ओवलेला दोर दोन्ही कड्यांना एकमेकींकडे ओढतो. बोल्ट आतल्या बाजूला वाकतात. भारही एका बाजूला घसरतो.

आकडा कडीत कसा घालावा, तेही पाहा. कप्पीचा आकडा जाड असतो. तो कडीत पुरता शिरत नाही. मग लोक त्याचे टोकच कडीत अडकवतात. टोकावर भार आला की आकडा फाकतो आणि सुटतो. त्यासाठी शॅकल नावाची वस्तू मिळते. ही पाहा. घोड्याच्या नालेसारखी आहे आणि तिच्या तोंडाला आडवी खीळ आहे. खीळ कडीतून घालावी, पूर्ण आवळावी आणि आकडा नालेत अडकवावा. शॅकलवरही भाराचा आकडा ठोकलेला असतो. तोही वाचावा.

चौथी चूक सगळ्यांत सोपी. ती टाळायला पैसा लागत नाही, शिक्षणही लागत नाही. लोंबत्या भाराखाली किंवा भाराला चिकटून कोणी उभे राहू नये. भार डुलू लागला तर हाताने सावरू नये. त्याला आधीच एक लांब दोरी बांधून ठेवावी आणि दूर उभे राहून त्या दोरीने सावरावे. भार गरगर फिरूही देऊ नये. फिरता फिरता बोल्टाचे आटे उलटे सुटतात.

विहिरीत माणूस असेल तर त्याने आधी वर यावे. मगच उचलायला लागावे. भार वीतभर उचलून थांबावे. कडी पाहावी, दोर पाहावा, तिवई पाहावी. सगळे ठीक असेल तरच पुढे जावे.

आता बोल्ट निवडण्याविषयी दोन शब्द. तार वाकवून केलेली, तोंड उघडे असलेली कडी झोपाळ्यासाठी किंवा पडद्यासाठी ठीक असेल. तिने यंत्र उचलू नये. बोल्टाच्या डोक्यावर सळईची कडी वेल्डिंग करून लावतात, तीही नको. वेल्डिंग वरून चांगले दिसते, आत काय आहे ते दिसत नाही. वाकलेला बोल्ट भट्टीत तापवून, ठोकून सरळ करतात. तसा बोल्ट सरळ दिसतो, पण पूर्वीचा राहत नाही. वाकलेला, चिरलेला, झिजलेला, आटे खाल्लेला बोल्ट सरळ भंगारात टाकावा. पुन्हा डब्यात ठेवू नये. डब्यात ठेवला की घाईच्या दिवशी तोच हाताशी येतो.

कारखान्यांसाठी १९४८ साली जो कायदा झाला, त्यात उचलण्याची यंत्रे, साखळ्या आणि दोर वर्षातून एकदा तरी जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावे, असा नियम घातला होता. आपल्या विहिरीवर तपासायला कोण येणार? आपले आपणच. कुठेही काम असले की आदल्या दिवशी बोल्ट, शॅकल, दोर उजेडात घेऊन बसावे. फडक्याने पुसावे. बोट फिरवून चीर आहे का पाहावे. शंका आली की वस्तू बाजूला ठेवावी.

हे सगळे लक्षात राहणार नाही, असे वाटेल. म्हणून आम्ही ते पाच बोटांवर बसवले आहे. हात पुढे करा.

अंगठा : आकडा वाचला का?

पहिले बोट : बोल्ट हाताने पुरता बसला का, खांदा टेकला का?

मधले बोट : भार बोल्टाच्या आकड्यापेक्षा कमी आहे का?

अंगठीचे बोट : ओळंबा कडीवर आला का?

करंगळी : खाली, जवळ कोणी नाही ना?

पाचही बोटांना होय म्हणता आले तर मूठ वळा आणि साखळीला हात घाला. एक बोट जरी नाही म्हणाले तरी थांबा.

मंडळी, आता शेवटचे सांगतो. आम्ही मॅट्रिक झालेलो. चाळीस मुलांना रोज वाचायला शिकवत होतो. तरी त्या दिवशी आमच्या हातात एक अक्षर आणि एक आकडा होता आणि आम्ही वाचला नाही. घाई होती. लोक पाहत होते. 'मला कळत नाही' असे म्हणायला जीभ उचलली नाही. वाचता न येणाऱ्याचा पाय, वाचता येणाऱ्याच्या आळसामुळे मोडला. तुम्ही आता वाचायला शिकलात. आम्हांला त्याचा फार आनंद आहे. पण पुस्तक मिटले की वाचणे मिटवू नका. औषधाच्या बाटलीवर वाचा. खताच्या पोत्यावर वाचा. मोटरच्या पाटीवर वाचा. बोल्टावर वाचा. आणि वाचून कळले नाही तर तोंडाने सांगा, "कळले नाही." त्यात कमीपणा नाही. आम्ही तेव्हा तेवढेच म्हणालो असतो तर पुरे होते.

ते शेतकरी आज इथे पुढच्या रांगेत बसले आहेत. त्यांचे नाव आम्ही सांगत नाही. ते लाजतील. गेल्या हिवाळ्यात ते आमच्या रात्रीच्या वर्गात आले. सत्तरी गाठलेला माणूस, हातात काठी. आम्ही विचारले, "काय शिकायचंय? सही?" ते म्हणाले, "सही कशाला? अंगठा चालतोय अजून. मला ते बोल्टावरचं वाचायचंय." आम्ही पाटीवर त्यांना पहिल्या दिवशी एम काढून दिला आणि पुढे १२ लिहिले. पाटीकडे ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "एवढंच व्हतं व्हय?"

यंदा त्यांच्या शेजारच्या मळ्यातली मोटर बिघडली. माणसे जमली. तिवई उभी राहिली. हे काठी टेकत गेले आणि म्हणाले, "बोल्ट बघू." बोल्ट हातात घेतला, पुसला, फिरवून पाहिला. त्यावर काहीच लिहिलेले नव्हते. ते म्हणाले, "ह्यानं न्हाई उचलायचं." पोरे कुरकुरली. एकजण हसलासुद्धा. पण त्यांच्या पायाकडे पाहून पुढे कोणी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी तालुक्याहून मापाचा, खांद्याचा, आकडा असलेला बोल्ट आला. पंप वेगळा केला. विहिरीवर तुळई टाकली. सगळी माणसे वर आली. मग मोटर वर आली.

त्या दिवशी विहिरीवर काहीही घडले नाही. पोरे मोटर गाडीत घालून तालुक्याला गेली. बाकीची घरी गेली आणि जेवली.

असाच दिवस तुम्हां सर्वांच्या विहिरीवर यावा. एवढे बोलून आम्ही आमचे भाषण पुरे करतो. बोल्ट आणि शॅकल इथे टेबलावर ठेवले आहेत. जाताना प्रत्येकाने हातात घ्यावेत आणि त्यांवरचे अक्षर व आकडा मोठ्याने वाचून मगच घरी जावे.

राम राम.